पाच सुकवारोवाले

ती होडी आठवली की आजही माझं डोकं आधी तापतं. मग थोड्या वेळाने जे होतं ते शेवटी सांगेन. पोलीस खात्यात आयुष्य गेलं, खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांनी एकमेकांवर लिहून दिलेल्या खोट्या फिर्यादी पाहिल्या. पण एका जुन्या लाकडी होडीने माझ्या नाकी जेवढे नऊ आणले तेवढे कुठल्याही अट्टल गुन्हेगाराने आणले नाहीत. या प्रकरणातल्या माणसांची नावं मी देणार नाही. होडीचं मात्र द्यावंच लागेल. तिचं नाव सुकवारो. शुक्रवारी जन्मलेल्या मुलीला छत्तीसगढमध्ये हे नाव ठेवतात.

निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं आणि मी नवा रायपुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. रुंद रस्ते, मोठाल्या इमारती आणि माणसं कमी, असा तो भाग. राहायला मी बूढ़ापाऱ्यात, आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या तिथलं, त्यामुळे रोज सकाळी अरुंद गल्लीतून निघून त्या मोकळ्या रस्त्यांवर यायचो. सकाळची हजेरी झाली, रोजनामचा पाहिला, चहा समोर आला, की एक तरणाबांड माणूस तावातावाने आत शिरला. त्याचं तिथेच एक मोठं रेस्टॉरंट होतं. राहायला चौबे कॉलोनीत, आडनावावरून आपलाच मराठी. मी मराठीत विचारलं, तो हिंदीत उत्तर देऊ लागला. आमच्या रायपुरात नव्या पिढीशी असंच बोलणं होतं, त्यात नवल नाही.

म्हणणं असं, की रेस्टॉरंटच्या फाटकाजवळ चौथऱ्यावर मांडलेली होडी पहाटे चोरीला गेली. मी विचारलं, होडी नदीत असते, तुमच्या फाटकाजवळ काय करत होती? तर म्हणे शोभेसाठी. लोक तिच्यात बसून फोटो काढतात. वर्षभरापूर्वी खारून नदीच्या घाटावरून एका दलालामार्फत विकत घेतली, स्टॅम्प पेपर होता. तिच्यावर दिव्यांच्या माळा सोडल्या, शेजारी पाटी लावली की ही मराठ्यांच्या राजवटीतली होडी आहे. ही थाप कोणी सांगितली असं विचारल्यावर तो म्हणाला, "सर, ग्राहक को स्टोरी चाहिए." जुनं नाव मात्र त्याने तसंच ठेवलं होतं. जेवणाच्या यादीत सुकवारो थाळीसुद्धा होती.

होडी कोणी कशाला चोरेल, हे मला समजेना. मी अर्ज ठेवून घ्यायच्या बेतात होतो, एवढ्यात वरून फोन आला. गुन्हा दाखल करा, तपास लगेच व्हायला हवा. केला दाखल. रखवालदाराला बोलावलं. तो सांगतो, पाच माणसं छोटा हत्ती गाडी घेऊन आली, मला रामराम केला, म्हणाली सुकवारोला नेतोय, काम झालं की आणून सोडू. मी म्हटलं, आणि तू नेऊ दिलीस? तर म्हणतो, "साहब, नाम सही बोला था. मैंने सोचा मालिक ने ही बुलाया होगा." कोण होते विचारलं तर म्हणे सुकवारोवाला होता. अरे पण सुकवारोवाला कोण? त्याचं एकच उत्तर, घाटावरचा सुकवारोवाला.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. चौकशीत लोक फार बोलतात. गाय हरवल्याची तक्रार द्यायला आलेला माणूस आजोबांच्या लग्नापासून सुरुवात करतो. म्हणून तरुणपणीच मी एक वाक्य धरलं होतं, जितना पूछा, उतना बोलो. हे मी फिर्यादीला म्हणायचो, साक्षीदाराला म्हणायचो, हाताखालच्या शिपायांना तर उठता बसता म्हणायचो. त्याने वेळ वाचतो असं माझं ठाम मत होतं आणि नव्या फौजदारांना मी ते शिकवतही असे.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याचा निरोप आला. घाटावर त्याची चहाची टपरी. म्हणाला, होडी घाटाच्या जरा खाली, बाभळीखाली, दगड भरून पाण्यात बुडवून ठेवली आहे. मला एकदम स्फुरण चढलं. पुरावा पाण्याखाली लपवणारी टोळी म्हणजे साधी माणसं नव्हेत. केस डायरीत मी तसं लिहिलंसुद्धा. लाकडी होडी वर्षभर उन्हात कोरडी पडली की फळ्या आकसतात, सांधे उघडे पडतात, आणि पुन्हा नदीत घालायची तर आधी दोन दिवस बुडवून लाकूड फुगू द्यावं लागतं, हे घाटावरच्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मला नव्हतं. आणि विचारायला मी कोणाला तोंड उघडू दिलं तर ना.

हवालदार आणि चार शिपाई घेऊन तिथे पोचलो. हवालदार जुना माणूस, इथल्याच एका खेड्यातला, मोजकं बोलणारा. बघतो तर खरंच होडी पाण्यात, फक्त टोक वर, त्यावर पांढऱ्या रंगात सुकवारो. काठावर पाच जण उकिडवे बसलेले. सगळ्यात म्हातारा ऐंशीच्या घरातला, सगळ्यात लहान चाळिशीचा. कोणी पळालं नाही. मी दरडावून विचारलं, तुमच्यात सुकवारोवाला कोण? पाचही जण उठून उभे राहिले.

मला वाटलं थट्टा करताहेत. मी म्हटलं, होडीचा मालक कोण ते विचारतोय, एकाने सांगा. म्हातारा म्हणाला मी होतो. दुसरा म्हणाला मग मी. तिसरा म्हणाला त्याच्यानंतर मी. अशी रांग पाचव्यापर्यंत गेली, आणि पाचव्याने ती रेस्टॉरंटवाल्याला विकलेली. पाचांनी आपापल्या काळात घेतली, चालवली, विकली, पण घाटावर ज्याने एकदा ती होडी घेतली तो जन्मभर सुकवारोवालाच. विकल्यावरही हाक तीच. सरकार दरबारी नाव काहीही असो, पाच माणसांना एकच नाव. आरोपीच्या रकान्यात काय लिहायचं सांगा.

मी होडी बाहेर काढायला लावली आणि पंचनामा सुरू केला. एक होडी. एक डांबराचा डबा. सांध्यांत भरायच्या सुताचे दोन गुंडे. एक हातोडी. आणि बाभळीच्या सावलीत, गमछ्याखाली झाकलेलं एक मातीचं मडकं, तोंडाला लाल कापड घट्ट बांधलेलं. महुआची दारू, दुसरं काय असणार? नदीकाठी झाकून ठेवलेल्या मडक्यात मी नोकरीभर तेच पाहिलं होतं. म्हातारा पुढे सरकला, "साहब, वो मटका..." म्हणाला, आणि मी त्याला तिथेच थांबवलं. जितना पूछा, उतना बोलो. मडक्याचं कापड न सोडता वरून लाख लावली, सील ठोकलं, चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर माझ्या हाताने हिंदीत लिहिलं, मटका एक नग, मुँह कपड़े से बंधा, कीमत निरंक. म्हणजे किंमत काही नाही.

ठाण्यात आल्यावर हवालदाराने मडकं मालखान्यात नेलं नाही. दाराशी घुटमळत राहिला. मग हळूच म्हणाला, साहेब, हे बाहेर पिंपळाला टांगून ठेवू का? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जप्तीचा माल झाडाला टांगायचा? उद्या वरिष्ठ तपासणीला आले तर काय सांगू? त्याने मान खाली घातली आणि मडकं आत ठेवलं.

मग चौकशी. पाच जणांना वेगवेगळं बसवलं. पहिला प्रश्न, होडी कोणाची? म्हातारा म्हणाला, "मोर बहिनी के डोंगा आय, साहेब." माझ्या बहिणीची होडी आहे. बहिणीचं नाव काय? सुकवारो. ठीक. दुसऱ्याला आत घेतलं. त्याचंही तेच, बहिणीची. तिसराही तेच. पाचही जणांचे बाप वेगळे, गावं वेगळी, एकाचा तर धर्मसुद्धा वेगळा, आणि बहीण एकच. पढवून आलेत हे उघड होतं. मी प्रत्येकाच्या जबाबाखाली 'खोटे बोलतो' अशी खूण केली.

होडी का नेली? तर एक फेरी मारायची होती. दारूची फेरी? नाही साहेब. वाळूची? नाही साहेब. मग कोणाला पळवायचं होतं? नाही साहेब. या 'नाही साहेब'ने माझा जीव मेटाकुटीला आला. मी विचारीन त्याला बिनचूक उत्तर, एक शब्द जास्त नाही. नोकरीभर ज्याच्यासाठी ओरडलो तसे आज्ञाधारक आरोपी शेवटी भेटले होते, आणि मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. तिकडे फिर्यादीचा दर तासाला फोन, आरोपी पकडे कि नहीं? पाच पकडलेत म्हटलं तर म्हणतो, उनमें से असली कौन है? संध्याकाळी नोटिसा देऊन पाचांना घरी सोडलं आणि सकाळी पुन्हा यायला सांगितलं. गेलेच नाहीत ते. ठाण्याच्या फाटकाबाहेर पिंपळाखाली बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालखान्यावरून जात होतो तर उदबत्तीचा वास आला. दार उघडलं. जप्तीच्या मोटारसायकली, दारूचे कॅन, कुऱ्हाडी, आणि या सगळ्यांच्या मधोमध ते मडकं. खाली धुतलेलं कापड अंथरलेलं, समोर उदबत्ती. मी हवालदाराला हाक मारली ती पार रस्त्यापर्यंत ऐकू गेली असेल. हे ठाणं आहे की देऊळ? मालखान्यात पेट्रोलच्या गाड्या आहेत, उदबत्ती कोणी लावली?

"मैंने लगाई, साहब," तो म्हणाला. "अस्थि है ना भीतर. अकेली छोड़ना ठीक नहीं लगा."

मी विचारलं, कोणाच्या अस्थी? तो म्हणाला, सुकवारोच्या, विसर्जनापर्यंत पिंपळाला टांगून ठेवायची रीत आहे. घाटावर दिवे नि फुलं विकायची ती. मी म्हटलं, काल का नाही बोललास? तो अगदी शांतपणे म्हणाला की आपण सांगितलं होतं, विचारलं तेवढंच बोलायचं, आणि साहेब, असं लाल कापड बांधलेलं मडकं म्हणजे काय ते आपल्याला माहीत असणारच असं मला वाटलं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी बाहेर गेलो, म्हाताऱ्याला आत आणून खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, बाबा, पहिल्यापासून सांगा, जेवढं सांगायचं तेवढं. तो तासभर बोलला.

होडी बांधणारा नावाडी घाटावरचाच. त्याला मुलगी झाली त्याच वर्षी त्याने होडी बांधली आणि मुलीचं नाव होडीला दिलं. मुलगी मोठी झाली, लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, ती बापाकडे परत आली. पुढे बाप आजारी पडला आणि त्याला होडी विकावी लागली. विकताना त्याने दोन अटी घातल्या. होडीवरचं नाव पुसायचं नाही, आणि घाट बोलावेल तेव्हा होडी आणून द्यायची. कारण हिला माझ्यामागे कोणी नाही, हिच्या अस्थी हिच्याच होडीतून मधल्या धारेला जाव्यात. जो होडी घेईल तो हिचा भाऊ. आमच्याकडे तीजाच्या सणाला बायका माहेरी येतात, भाऊ साडी देतो. सुकवारोला दर तीजाला त्या त्या वेळच्या मालकाने साडी दिली. होडी विकली गेली की जुना भाऊ सुटायचा नाही, नवा वाढायचा. असे पाच झाले. दशगात्र, म्हणजे दहावा, परवावर आला होता. त्याच्या आत अस्थी नदीत जायला हव्या होत्या, आणि त्या माझ्या सीलबंद मुद्देमालात होत्या. मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय हलत नाही.

मी त्यांच्यावरच चिडलो, खरं सांगतो. अरे, तुम्ही रेस्टॉरंटवाल्याकडे जाऊन मागायची होती होडी! पाचवा, म्हणजे ज्याने ती त्याला विकली होती, तो आता ई-रिक्षा चालवतो. मोटरबोटी आल्या नि लाकडी होडीचा धंदा बसला म्हणून त्याने विकली. तो गोंधळून म्हणाला, मागायचं काय साहेब, अट तर त्यांना मान्यच होती. कागदावर कुठे लिहिली आहे? कागदावर नाही, पण त्यांनी नाव पुसलं नाही ना. घाटावरची रीतच तशी. ज्याला अट नको तो होडी घेतल्याबरोबर नाव खरवडून टाकतो. ज्याने नाव ठेवलं त्याने अट घेतली. रेस्टॉरंटवाल्याने तर वर दिवे लावले होते. यांना वाटलं, किती मानतो हा बहिणीला.

फिर्यादीला बोलावून घेतलं. तो आला तोच भांडायच्या तयारीने. मी सगळं मराठीत सांगितलं, त्याने हिंदीत उत्तर दिलं की मला कोणी हे सांगितलं नाही, नाव दिसायला छान होतं म्हणून ठेवलं. बरोबरच होतं त्याचं. त्याचा काय दोष? पण गुन्हा दाखल झालेला, तो मी रद्द करू शकत नव्हतो आणि तोही परत घेऊ शकत नव्हता. एकच वाट होती. फिर्यादी म्हणून त्याने होडीचा ताबा सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या अटी लिहून देऊन, मागायचा आणि मडक्याचा ताबा नातेवाइकाने. मी म्हाताऱ्याला म्हटलं, तुम्ही अर्ज करा, भाऊ म्हणून. म्हातारा जागचा हलला नाही.

"हमन तो जुन्ना भाई हन, साहेब," तो म्हणाला आणि फिर्यादीकडे हात केला. "अब के भाई येहर आय."

आम्ही जुने भाऊ, आताचा भाऊ हा. तो पोरगा माझ्याकडे बघायला लागला. थाळीला तिचं नाव दिलं होतं त्याने, आणि ती बाई त्याने कधी पाहिलीही नव्हती. गेल्या तीजाला साडी त्याने द्यायची होती. ती कोणी दिली, असं त्यानेच विचारलं. पाचव्याने सांगितलं, मी दिली, तुमच्या नावाने. त्या पोराने खिशातून पेन काढून अर्ज पुढे ओढला.

दुपारी कोर्टात गेलो. सकाळपासून हवालदार ठाण्याच्या आवारात आणलेल्या होडीवर ओली पोती टाकून पाइपने पाणी मारत होता, सांधे पुन्हा उघडू नयेत म्हणून. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मडक्याच्या अर्जात मालाशी नातं असा रकाना होता. त्या पोराने मान वर न करता मला विचारलं, आणि पहिल्यांदा मराठीत विचारलं, "काका, इथे भाऊ लिहून राहिलो मी. चालते ना?" मी म्हटलं, लिही.

हुकूम झाला. होडीच्या सुपुर्दनाम्यावर नेहमीच्या छापील अटी होत्या, मी हजारदा वाचलेल्या. मालाचं स्वरूप बदलणार नाही, त्यावरची कुठलीही खूण पुसणार नाही, आणि बोलावलं जाईल तेव्हा हजर करीन. म्हाताऱ्याला वाचून दाखवल्या. तो म्हणाला, हे तर आम्ही आधीपासूनच बोलत होतो साहेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी पाण्यात गेली. चार भावांच्या हातात वल्ही, म्हातारा टोकाला, पोरगा मधे मडकं मांडीवर घेऊन, आणि त्याच्यासमोर मी. मला बसायचं नव्हतं. म्हाताऱ्यानेच बोलावलं. का बोलावलं ते मधल्या धारेला कळलं. पोराने कापड सोडायला हात घातला तर म्हाताऱ्याने अडवलं आणि मडकं माझ्यापुढे धरलं. "साहब, सरकारी सील है. आप ही खोलिए."

इतक्या वर्षांत किती सील तोडली असतील, मोजदाद नाही. त्या दिवशी लाख नखाने निघेना. चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोर होती, माझंच अक्षर, कीमत निरंक, खाली माझी सही. ती मी आधी काढली आणि खिशात घातली. मग कापड सोडून मडकं तिच्या भावाच्या हातात दिलं.

चोरीचा हेतू नव्हता असा अंतिम अहवाल मी लिहिला आणि प्रकरण बंद झालं. या केसने काय शिकवलं, असं नवे अधिकारी विचारतात. मी सांगतो की चौकशीत माझे सगळे प्रश्न योग्य होते आणि सगळी उत्तरं खरी होती. पाच खरी माणसं मी खोटी ठरवली, कारण मला हवं तेवढंच मी ऐकलं. जितना पूछा, उतना बोलो हे वाक्य मी त्यानंतर उच्चारलं नाही. उरलेल्या वर्षभरात प्रत्येक जबाबाच्या शेवटी पेन खाली ठेवायचो आणि विचारायचो, अजून काही सांगायचं राहिलंय का? लोक आजोबांच्या लग्नापासून सुरुवात करायचे. फार वेळ जायचा. चहा गार व्हायचा, फाइली तुंबायच्या, आणि मी मनातल्या मनात चरफडत सगळं ऐकून घ्यायचो.

होडी परत फाटकाजवळ गेली नाही, घाटावरच बांधलेली असते. मराठ्यांच्या राजवटीची पाटी त्या पोराने काढून टाकली. मध्यंतरी घाटावर गेलो होतो तेव्हा पलीकडून कोणीतरी सुकवारोवाल्याला हाक मारली. पाच म्हाताऱ्या-अर्ध्या म्हाताऱ्या माना वळल्या, आणि सहावी त्या पोराची. "हव," तो छत्तीसगढीत हो म्हणाला, आणि कोणाला काय हवं आहे ते बघायला उठून गेला. चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे. होडी आठवून डोकं तापलं की थोड्या वेळाने मी ती काढून वाचतो.